लागला का?

माझ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "अतारिमाश्ता का?" म्हणजे, लागला का? मी म्हणाले, "हो, लागला." खरं तर मला काही दिसलं नव्हतं. साठ मीटरवर ओळीनं निशाणं, अलीकडे दहाबारा मुली, मध्ये क्योतोतलं जानेवारीचं विटकं ऊन, आणि माझ्यापुढे हातभर लांबीच्या लेन्स लावलेल्या आजोबांची फळी. त्या बाईनं मघाशीच सांगून ठेवलं होतं की तिच्या मुलीचा किमोनो लाल आहे. रांगेत लाल किमोनो तीन होते. त्यातली तिची कोणती, बाण कुणाचा सुटला, कुणाचा लागला, कुणाचा वाळूत गेला, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तरी उत्तर तोंडातून असं गेलं, की जणू मी पंच म्हणून नेमलेली होते.

ती वळली. दोन्ही हातांनी माझा हात धरून कमरेत वाकली. मग पर्समधून एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ओसाकाकडच्या बायकांच्या पर्समध्ये गोळ्या असतातच. आपल्याकडे जशी एखादी मावशी एसटीत शेजारच्या अनोळखी पोराला श्रीखंडाची गोळी काढून देते, तसंच. ती बघत होती म्हणून मी लगेच तोंडात टाकली. आल्याची होती. गोड, मग तिखट.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. पण ते "हो" घशात अडकल्यासारखं झालंय.

मी व्यवसायानं अनुवादक आहे. पुण्यात जपानी शिकले, ते ज्या काळात पेठेतल्या वर्गाला जाताना लोक "कराटे का?" म्हणून विचारायचे त्या काळात. गेली पंचवीस वर्षं चाकणच्या कारखान्यांसाठी यंत्रांच्या पुस्तिका मराठी-इंग्रजीत आणते. बोल्ट किती न्यूटन-मीटरनं आवळायचा, झडप कधी बंद ठेवायची. या कामाचा पहिला नियम असा, की कळलं नाही तर विचारावं, विचारायला कुणी नसेल तर जागा कोरी सोडावी. अंदाजानं कधी भरू नये. एका चुकीच्या क्रियापदानं माणसाचा हात यंत्रात जाऊ शकतो. हा नियम मी नव्या मुलींना इतक्या कडकपणे शिकवते, की त्या पाठीमागे माझी नक्कल करतात. आणि ओसाकाला कामानिमित्त आलेली मी, सुटीच्या रविवारी, एका आईला अंदाजानं उत्तर देऊन मोकळी झाले.

ओसाकातल्या योदोयाबाशीहून केइहानच्या आगगाडीनं क्योतोत शिचिजोला उतरलं की सान्जूसान्गेन्दो हे देऊळ चालत सातआठ मिनिटांवर. त्या दिवशी वाट विचारावी लागत नाही. रस्त्यानं सव्वादोन मीटरची धनुष्यं कापडात गुंडाळून, उभी धरून मुलंमुली चाललेली असतात. पोरींच्या केसांत फुलं, गोंडे, खाली हाकामा, म्हणजे जाडसर घेरदार विजार. पंधरा जानेवारीच्या आसपासचा रविवार. पूर्वी पंधरा तारीख हाच 'सज्ञान झाल्याचा दिवस' होता, २००० सालापासून ती सुटी दुसऱ्या सोमवारी गेली. कायद्यानं आता जपानमध्ये अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो, २०२२ पासून. पण बहुतेक गावांनी सोहळा मात्र विसाव्यालाच ठेवलाय. अठराव्या वर्षी पोरं प्रवेशपरीक्षेत बुडालेली असतात, त्यांना कुठून सुचणार नटणं. बहुतेक ठिकाणी हा सोहळा म्हणजे सभागृह, महापौरांचं भाषण, फोटो, आणि भाड्यानं आणलेल्या किमोनोची परत करायची वेळ. क्योतोच्या या देवळात मात्र देशभरातली विशीतली तिरंदाज पोरं जमतात आणि मोठं झाल्याबद्दल दोन बाण सोडतात. दोनच. त्यासाठी कुणी रात्रभर बसनं आलेलं असतं.

मुली फुरिसोदे घालतात. लांब बाह्यांचा, लग्न न झालेल्या मुलीचा किमोनो. बाह्या घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या, त्या घेऊन धनुष्य कसं ओढणार? तर एका पट्टीनं बाह्या पाठीशी बांधून टाकतात, तिला तासुकी म्हणतात. ती पट्टी दातांत धरून, एका हातानं काखेतून फिरवून, दुसऱ्या हातानं ओढून घेतानाची त्यांची चपळाई बघितली आणि मला एकदम पदर खोचणं आठवलं. सणाच्या दिवशी भरजरी साडी नेसून, पदर खोचून, पुरणाच्या घाण्याकडे वळलेली बाई. नटणं आणि कामाला भिडणं एकाच वेळी. मला विचारणाऱ्या त्या बाईनं मघाशी सांगितलं होतं, मुलीच्या अंगावरचा किमोनो आपलाच, आपल्या विसाव्या वर्षी आपल्या आईनं घेतलेला. तिच्या कोटालाही कापराचा वास येत होता. म्हणजे एकाच कपाटातून दोघींचे कपडे त्या पहाटे निघाले असणार.

फोटोवाल्या आजोबांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. शेपाचशे लेन्स एका वेळी विशीतल्या पोरींवर रोखलेल्या, आणि पोरींनी जणू तिकडे कुणी नाहीच असं वागायचं, यात काहीतरी खटकत होतं. मुलगेही बाण सोडत होते, एक खांदा उघडा टाकून, त्या थंडीत. त्यांच्या वेळी हीच मंडळी थर्मासमधून चहा पीत बसली. पण मग माझ्याही हातात फोन होताच. मीही मुलींच्याच रांगेला पुढे सरकले होते.

द्रोणानं अंगठाच का मागितला हे मला पन्नाशी उलटल्यावर क्योतोत कळलं. लहानपणी उसाच्या नाहीतर बांबूच्या कामटीचं धनुष्य करून खेळलेली मी. दोरी चिमटीत धरून ओढायची एवढंच ठाऊक. ऑलिंपिकमधले तिरंदाज तीन बोटांनी दोरी ओढतात, अंगठा नुसता बाजूला. मग एकलव्याचा अंगठा गेला तर बाकीची चार बोटं होती की, असं मी शाळेत विचारलं होतं आणि बाईंनी मला खाली बसवलं होतं. इथे रांगेत उभी असलेली एक मुलगी हातमोजा चढवत होती. हरणाच्या कातड्याचा, तपकिरी, मनगटाला फीत गुंडाळत बांधायचा. त्याचा अंगठा शिंगासारखा टणक आणि बुडाशी एक खाच. दोरी त्या खाचेत बसते. सगळं धनुष्य अंगठ्यावर ओढलं जातं, बोटं वरून नुसती झाकण घालतात. एकलव्य पुढे नुसत्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीचा वेग राहिला नाही, असं महाभारतातच आहे. बाईंना हे तेव्हा माहीत असतं तर मी उभी राहिले असते.

आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जागतिक विजेती झाली, सतराव्या वर्षी. तिच्या धनुष्याला कप्प्या असतात, नेम धरायला भिंग असतं, आणि पन्नास मीटरवर आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात बाण घालावा लागतो. इथे साठ मीटरवर मीटरभर रुंदीचं निशाण आणि धनुष्याला नेम धरायचं काहीच नाही. मूठसुद्धा मध्यावर नाही, खाली तिसऱ्या हिश्शाला. बाण कपाळाच्या वर उचलतात, मग दोन हात फाकवत खाली आणतात, दोरी कानामागे जाते. तिथे थांबतात. या थांबण्याला 'काई' म्हणतात, म्हणजे भेट. मग बाण सुटतो, तो 'हानारे', ताटातूट. आणि सुटल्यावरही तशीच उभी राहतात, हात पसरलेले, नजर तिकडेच. बाण लागो न लागो. त्या उभं राहण्याला 'झानशिन' असं वेगळं नाव आहे. मला या तिन्हींतलं पहिलंच बघवेना. पुरतं ताणलेलं धनुष्य किंचित थरथरतं. एका मुलीची तर कोपरापासून केसांतल्या गोंड्यापर्यंत थरथर दिसत होती. आपणच श्वास धरून बसतो.

याच इमारतीच्या पश्चिमेच्या ओसरीत पूर्वी वेड्यासारखे बाण सुटायचे. इमारत एकशेवीस मीटर लांब. दक्षिण टोकाला बसायचं, वळचणीखालून बाण सोडायचा, तो कुठे न अडकता उत्तर टोकाला निघाला तर मोजायचा. दिवस-रात्र, चोवीस तास. १६६९ मध्ये ओवारीच्या होशिनो कान्झाएमोननं आठ हजार बाण पार केले. १६८६ मध्ये कीशूच्या वासा दाइहाचिरोनं १३,०५३ सोडले आणि ८,१३३ पार केले. चोवीस तासांत तेरा हजार म्हणजे मिनिटाला नऊ. तोही विशीतलाच पोरगा होता. सांगतात असं, की मध्येच त्याचा हात सुजून बाण अडखळायला लागले, तेव्हा बघायला आलेल्या होशिनोनंच पुढे होऊन सुरीच्या टोकानं तळव्यातलं साकळलेलं रक्त काढून दिलं. आपलाच विक्रम मोडायला मदत केली. आख्यायिकाच असेल. पण आकड्यांपेक्षा तीच लक्षात राहते.

सकाळी मैदानात येण्याआधी मी आत जाऊन आले होते. त्या दिवशी प्रवेशाला पैसे पडत नाहीत, कारण आत वाळुंजाच्या डहाळीनं डोक्यावर पाणी शिंपडायचा विधी असतो. डोकेदुखी जाते म्हणतात. ताइरा नो कियोमोरीनं ११६४ मध्ये हे देऊळ बांधून दिलं ते सम्राट गो-शिराकावासाठी, आणि त्या सम्राटाला म्हणे डोकेदुखीनं हैराण केलं होतं. मूळ इमारत जळाली, आजची १२६६ ची. बूट काढून आत गेलं की लाकडी जमीन मोज्यांतून अशी चावते, की महाबळेश्वरचा डिसेंबर बरा. मी रांगेत उभी राहिले, कारण आईला अर्धशिशी होती. सुंठ उगाळून कपाळभर लेप, वरून घट्ट बांधलेलं जुन्या धोतराचं फडकं, आणि अंधारी केलेली मधली खोली. शाळेतून आल्यावर दारातच सुंठेचा वास आला की आम्ही दप्तर न आपटता ठेवायचो. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या डोकेदुखीसाठी मी क्योतोत पाणी शिंपडून घेतलं. कुणाला सांगायला जाऊ नये अशी गोष्ट, पण केली खरी.

आत एक हजार एक कान्नोन आहेत. अवलोकितेश्वरच तो, आपल्या कान्हेरीला अकरा डोक्यांचा आहे, अजिंठ्याला हातात कमळ घेतलेला. इथे येईपर्यंत तो 'कान्नोन' झाला, म्हणजे जगाचे आवाज न्याहाळणारा. ऐकणारा नव्हे, न्याहाळणारा. हजार चेहऱ्यांत आपल्याला हवा तो एक चेहरा सापडतोच असं तिथे म्हणतात. मला सापडला नाही. सगळे सोनेरी, सगळे शांत; आमच्याकडे एवढं शांत कुणी नव्हतं. पण त्यांच्या पुढच्या ओळीत अठ्ठावीस रक्षक उभे आहेत, बहुतेक आपल्याकडूनच गेलेले: गरुड आहे, इंद्र आहे, छातीच्या फासळ्या दिसणारा काठीवाला वसू ऋषी आहे. त्यांत एक म्हातारी आहे. बाकीचे कितीतरी आयुधं परजतायत आणि ही वाळलेल्या मानेची, गालफडं बसलेली, नुसते हात जोडून उभी. तिच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले.

आमच्या घरात मोठं होण्याचा सोहळा दोनदा झाला. दादाची मुंज आठव्या वर्षी, दोनशे पान उठलं होतं. माझा तेराव्या वर्षी, परसदारी. आजीनं कुजबुजत आईला काही सांगितलं, आईनं मला एक चटई आणि एक तांब्या वेगळा दिला. "आता मोठी झालीस," ती म्हणाली, पण सूर असा, की माझ्या हातून बरणी फुटली आहे. आजीच्या लहानपणी निदान न्हाणाची गाणी म्हणत, मखरात बसवत. आमच्या वाट्याला गाणी गेली आणि चटई तेवढी उरली. म्हणून त्या मुली भर गर्दीत, विसाव्या वर्षी, सव्वादोन मीटरचं धनुष्य डोक्यावर उचलताना बघून मला हेवा वाटला. नंतर वाटलं, हेवा कसला करतेस, यांच्यातल्या निम्म्यांना नोकरीला लागल्यावर धनुष्य टांगायलासुद्धा खोली पुरणार नाही. दोन्ही खरं.

आणि मग ती बाई. मुलीचा गट पुढे आला तसा तिनं गळ्यातला करडा मफलर नाकापर्यंत ओढला, आणि मुलगी धनुष्य उचलायच्या बेताला सरळ उलटी फिरली. देवळाच्या भिंतीकडे तोंड. दोरीचे आवाज येऊ लागले, एकामागून एक, सतारीची तार तुटावी तसे. मध्येच लांबून एखादा 'पट्'. ती मान खाली घालून ते आवाज वेगवेगळे करत असावी. आणि मग मला, परक्या देशातल्या साडीवर कोट घातलेल्या बाईला: अतारिमाश्ता का?

हे क्रियापद जपानीत बाणाला चालतं, लॉटरीला चालतं, अंदाज बरोबर आला तर चालतं. धनुर्विद्येतले लोक ते 'मध्य' या अक्षरानं लिहितात, उच्चार तोच. मराठीत मी त्याला 'लागणे' म्हणेन. बाण लागतो, लॉटरी लागते, नंबर लागतो, ठेच लागते, डोळा लागतो, जीव लागतो.

निकाल लागतो.

१९८९ चा जून. दहावी. तेव्हा निकाल शाळेत मिळायचा. मी आणि बाबा सायकलवरून गेलो आणि येताना सायकल हातात धरून चालत आलो. मी गणितात नापास झाले होते. आई स्वयंपाकघरात ओट्याशी, आमच्याकडे पाठ. सकाळपासून तिनं आमच्याकडे बघितलं नव्हतं. पाऊल वाजलं तरी वळली नाही, कणकेत हात तसाच. म्हणाली, "लागला का?" बाबा म्हणाले, "लागला." बस्स. खोटं काही नव्हतं त्यात, निकाल लागलाच होता. पण आईच्या कानांनी दुसरंच ऐकलं. ती वळली, कणकेच्या हातानंच फडताळातून साखरेचा डबा काढला आणि चिमूटभर साखर माझ्या तोंडात घातली. तिचे डोळे भरून आले होते. मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीतून सायकलीकडे बघत होते. साखर जिभेवर विरघळेपर्यंत कुणी काही बोललं नाही, आणि विरघळल्यावर मग बोलणं आणखी अवघड झालं. आईला शेवटी खरं कळलं ते पाव तासानं, माझ्या रडण्यातून. ती ओरडली नाही. डब्याचं झाकण लावलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या रात्री मधल्या खोलीत सुंठेचा वास.

बाबांनी तसं का केलं, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. भित्रेपणा, असं मी ठरवून टाकलं होतं आणि तीस-पस्तीस वर्षं त्यांच्यावर तेवढं एक बिल थकीत ठेवलं होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेत गणित सुटलं. त्या वेळी मी एकटीच निकाल घेऊन आले, तोंड पुढे करून उभी राहिले. आई म्हणाली, "साखर मागेच दिलीय."

मैदानात आल्याची गोळी तोंडात घोळवत मी उभी होते, आणि माझ्या त्या "हो"चा परिणाम असा झाला की बाई परत भिंतीकडे वळली नाही. मफलर खाली ओढला, टाचा उंचावल्या, आणि दुसरा बाण तिनं स्वतः बघितला. म्हणजे तिच्या नजरेच्या रोखावरून मला पहिल्यांदाच कळलं, मुलगी कोणती ते. डावीकडून चौथी. सारसांची नक्षी असलेला लाल. मघाशी मी ज्या लाल किमोनोकडे बघत होते तो हा नव्हताच. मुलीनं धनुष्य उचललं, ओढलं. फार वेळ धरलं, मला वाटलं आता मोडतं काहीतरी. सुटलं. आजूबाजूला तीन-चार दोऱ्या एकदम वाजल्या, आणि निशाणाकडे बघण्याऐवजी मी तिच्या आईकडेच बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. तिनं फक्त श्वास सोडला आणि त्याची पांढरी वाफ मफलरवर बसली.

मुली वाकून नमस्कार करून बाहेर पडल्या. ही मुलगी गर्दीतून वाट काढत आली, नाक लाल, हातमोजा अजून हातात. आईनं काही विचारलं नाही, तिला माहीतच होतं ना, मीच सांगितलेलं. मुलगीच म्हणाली, "निहोन तोमो..." दोन्ही बाण. आणि जपानीचं आपल्यासारखंच आहे, क्रियापद शेवटी. दोन्ही बाण लागले, दोन्ही बाण गेले, दोन्ही बाण कुठे गेले देव जाणे. नेमकं त्या वेळी ध्वनिक्षेपकावर पुढच्या गटाचे आकडे पुकारले गेले. वाक्याचं शेपूट त्यात बुडालं. मुलगी हसत होती, पण त्या वयाच्या मुली दोन्ही वेळी हसतात.

आईनं मुलीला पाठमोरी उभी केली आणि तासुकीची गाठ सोडली. बाह्या एकदम खाली आल्या, जवळजवळ घोट्यापर्यंत. त्यावरचे सारस उलगडले. पट्टी घडी करून पर्समध्ये ठेवताना तिनं मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. आमची नजर भेटली. ती वाकली, आधीइतकीच, ना कमी ना जास्त.

मी तिच्यापेक्षा जास्त वाकले, आणि वर बघेपर्यंत त्या दोघी फाटकाकडे निघाल्या होत्या.